एका राष्ट्राचे वकीलपत्र

मराठीत 'सनदशीर' या शब्दाची आपण बरीच उपेक्षा केली आहे. एखादा माणूस सनदशीर मार्गाने जाणार असे कळले, की आपण मनाशी समजून जातो : हा अर्ज करणार, उत्तराची वाट पाहणार, उत्तर आले नाही की स्मरणपत्र पाठवणार आणि एक दिवस थकून घरी बसणार. खरे तर शब्दाचा मूळ अर्थ चांगला ठसठशीत आहे. सनद म्हणजे राज्यकर्त्याने लिहून दिलेला हक्काचा कागद. सनदशीर भांडणारा माणूस त्या कागदावर बोट ठेवून भांडतो. पण बोलण्याच्या ओघात आपण 'सनदशीर' आणि 'मिळमिळीत' हे शब्द जवळजवळ समानार्थी करून टाकले. मीही त्यातलाच होतो. विद्यार्थिदशेत आमचे नायक वेगळे होते. मॅझिनी, गॅरिबाल्डी आणि त्यांच्या जोडीला हंगेरीचा कोसुथ, म्हणजे लायोश कोशूत. तलवार, तुरुंग, परागंदा आयुष्य आणि पेटती भाषणे. त्यापुढे कायद्याची कलमे उलटत बसणारा माणूस कुणाला आवडणार?

त्याच कोशूतच्या चरित्रात अधूनमधून एक दुसरे नाव डोकावत असे, फेरेन्त्स देआक. स्थूल, अविवाहित, सिगार ओढणारा, गोष्टीवेल्हाळ वकील. कोशूतच्या तेजस्वी कथेत हा माणूस बरेचदा अडचणीसारखा येतो. लढाई सुरू झाली की हा गावी जातो, लढाई हरल्यावर गप्प बसतो आणि अठरा वर्षांनी बादशहाशी समझोता करतो. वय वाढले तसा मी या माणसाकडे पुन्हा वळलो. आज मला असे वाटते, की 'सनदशीर' या शब्दाला त्याची मूळ धार परत द्यायची असेल, तर देआकचे आयुष्य नीट वाचायला हवे. त्यातले जे त्याला साधले नाही, तेही वाचायला हवे.

जमीनदाराघरचा पोरका मुलगा

देआकचा जन्म १७ ऑक्टोबर १८०३ चा, हंगेरीच्या पश्चिमेकडील झॉलॉ परगण्यातल्या शोय्तोर या खेड्यातला. बाळंतपणातच आई गेली. दुःखाने वेडापिसा झालेल्या बापाला ते मूल डोळ्यांसमोर नकोसे झाले आणि तान्ह्या फेरेन्त्सची रवानगी काकांकडे झाली. पाच वर्षांचा होईतो बापही गेला. पुढे केहिदा येथील घरच्या वाड्यात थोरला भाऊ आंतल आणि बहीण क्लारा यांनी त्याला वाढवले. घर मध्यम प्रतीच्या जमीनदारांचे. द्योर या गावी कायद्याचे शिक्षण झाले, १८२३ मध्ये वकिलीची परीक्षा झाली आणि स्वारी परगण्याच्या कचेरीत दाखल झाली. तिथे पोरक्या मुलांच्या मालमत्तेची व्यवस्था पाहणाऱ्या समितीचेही काम त्याच्याकडे होते. स्वतः पोरका असलेल्या माणसाच्या हाती हे काम आले याचा अर्थ ज्याने त्याने लावावा.

तेव्हाची हंगेरी समजून घेतल्याशिवाय पुढची गोष्ट कळणार नाही. हंगेरी हे जुने राज्य, पण त्याचा राजा म्हणजे व्हिएन्नात बसणारा हाब्सबुर्ग घराण्याचा सम्राट. मात्र हंगेरीत राज्य करायचे तर त्याने हंगेरीचा मुकुट घालून, हंगेरीचे कायदे पाळण्याची शपथ घेऊनच करायचे, असा जुना करार होता. ही हंगेरीची सनद. पोझोनी, म्हणजे आजच्या स्लोव्हाकियातले ब्रातिस्लाव्हा, येथे तिची विधिसभा भरे. परगण्यांचे प्रतिनिधी तिथे जात, पण मोकळ्या हातांनी नव्हे. परगणा लेखी सूचना देई आणि त्याबाहेर प्रतिनिधीने जायचे नाही. थोडक्यात, प्रतिनिधी हा अक्षरशः वकीलपत्र घेतलेला माणूस. आणि या जुन्या घटनेची दुसरी बाजू अशी, की कर भरायचा तो कुळांनी. सरदार-जमीनदारांना तो माफ.

१८३३ मध्ये भावाने जागा सोडली आणि तिशीतला देआक पोझोनीला गेला. आपण ज्याला पाठवतो आहोत त्याच्या करंगळीत आपल्या सबंध अंगापेक्षा जास्त अक्कल आहे, असे थोरला भाऊ म्हणाला होता, अशी गोष्ट सांगतात. भावाभावांतले असे कौतुक इतिहासात विरळाच! काही वर्षांतच देआक विरोधी पक्षाचा आधार झाला. १८३९-४० च्या बैठकीत त्याने सरकारशी चिवटपणे वाटाघाटी केल्या आणि कोशूतसह राजकीय कैदी सुटले. पुढे आयुष्यभर ज्याच्याशी वाद व्हायचा होता, त्याच्या सुटकेसाठी झटणाऱ्यांत देआक पुढे होता.

परत केलेले वकीलपत्र

१८४० च्या दशकातल्या त्याच्या दोन गोष्टी मला विशेष महत्त्वाच्या वाटतात.

पहिली फौजदारी कायद्याची. नव्या दंडसंहितेचा मसुदा करणाऱ्या समितीत देआक प्रमुख होता. १८४३ मध्ये तयार झालेल्या या मसुद्यात फाशीची शिक्षा नव्हती आणि फटक्यांचीही नव्हती. १८४३ साल म्हणजे युरोपात चौकाचौकांत जाहीर फाशी देण्याचा काळ. मसुदा मंजूर झाला नाही. पण कायदा हा गरिबाला फटके मारण्यासाठी नसून त्याचेही रक्षण करण्यासाठी आहे, अशी धारणा असलेला हा वकील होता, एवढे त्यावरून कळते.

दुसरी गोष्ट निवडणुकीची. जमीनदारांनीही कर भरावा, असे देआकचे मत. त्याच्या परगण्यातल्या छोट्या सरदारांना हे पटणे शक्यच नव्हते. १८४३ मध्ये त्यांना दारू पाजून, पैसे चारून, घोळक्याने आणून करमाफी कायम ठेवण्याच्या सूचना मंजूर करवून घेतल्या गेल्या. देआकने सांगितले, या सूचना घेऊन मी जाणार नाही. मग त्याच्या चाहत्यांनी काय करावे? त्यांनीही तीच दारू, तेच पैसे आणि तोच घोळका वापरून दुसरी निवडणूक जिंकली. मारामाऱ्या झाल्या, रक्त सांडले. आता सूचना देआकच्या मनासारख्या होत्या आणि निवडलेला माणूसही तोच होता. तरीही त्याने नकार दिला. अशा मार्गाने मिळालेले पद मला नको, म्हणाला आणि घरी राहिला. मित्र हळहळले, रागावले. ऐन महत्त्वाची विधिसभा आणि सर्वांत मोठा माणूस घरी!

हा हट्टीपणा होता का? व्यवहारी माणूस म्हणेल, होता. एका माणसाच्या सोवळेपणापायी सबंध पक्षाचे नुकसान झाले. मला तसे म्हणवत नाही. विरोधकांनी विकत घेतलेली मते नाकारणे सोपे असते. आपल्यासाठी विकत घेतलेली मते नाकारायला वेगळी छाती लागते. पुढे बादशहासमोर उभे राहताना देआकच्या शब्दाला जे वजन आले, त्याची पहिली पुंजी त्याने इथे आपल्याच माणसांना नकार देऊन जमवली.

अठ्ठेचाळीसचे वादळ

१८४८ च्या वसंतात युरोपभर क्रांत्या झाल्या. हंगेरीलाही एका झटक्यात जबाबदार सरकार मिळाले, करमाफी गेली, वेठबिगार गेली. लायोश बात्यानी पंतप्रधान झाला, कोशूत अर्थमंत्री आणि देआक न्यायमंत्री. नवे कायदे राजाच्या संमतीने झाले होते. देआकच्या दृष्टीने हे फार महत्त्वाचे होते, कारण पुढची सगळी लढाई त्याने याच एका मुद्द्यावर लढवली.

काही महिन्यांतच व्हिएन्नाने शब्द फिरवला आणि युद्ध पेटले. जानेवारी १८४९ मध्ये ऑस्ट्रियाचा सेनापती विंडिशग्रेट्स राजधानीवर चालून आला, तेव्हा संसदेचे एक शिष्टमंडळ तहाची बोलणी करायला त्याच्याकडे गेले. त्यात बात्यानी होता आणि देआकही होता. बंडखोरांशी मी बोलणी करत नाही, असे सांगून सेनापतीने त्यांना वाटेला लावले. कोशूत सरकार घेऊन पूर्वेकडे देब्रेत्सेनला गेला. तिथे एप्रिलमध्ये हाब्सबुर्ग घराणे पदच्युत झाल्याची घोषणा झाली. देआक मात्र केहिदाला परतला. रशियाचा झार बादशहाच्या मदतीला धावून आला आणि ऑगस्टमध्ये हंगेरियन सैन्याने शस्त्रे ठेवली. ६ ऑक्टोबर १८४९ या एकाच दिवशी आराद येथे १३ सेनानींना मृत्युदंड देण्यात आला आणि पेश्त शहरात बात्यानीला गोळ्या घालण्यात आल्या. तहाच्या बोलणीसाठी देआकबरोबर गेलेला माणूस! कोशूत देशाबाहेर निसटला, तो मरेपर्यंत परतला नाही. देआकचीही लष्करी चौकशी झाली, पण त्यातून तो सुटला.

हॉटेलातला मुक्काम

आता खरी परीक्षा सुरू झाली. हंगेरीची घटना रद्द झाली. बादशहाच्या गृहमंत्र्याच्या, आलेक्झांडर बाखच्या, नोकरशाहीने देश व्यापला. सरकारी भाषा जर्मन झाली. बादशहाच्या सल्लागारांनी सिद्धान्त मांडला, की बंड करून हंगेरीने आपले जुने हक्क गमावले आहेत, तेव्हा आता सनदेचा प्रश्नच उरला नाही.

१८५० मध्ये व्हिएन्नाचा न्यायमंत्री श्मेर्लिंग याने देआकला कायद्याविषयक सल्लामसलतीसाठी बोलावले. पत्र सभ्य होते आणि सन्मानाचे होते. देआकने तितक्याच सभ्यपणे कळवले, की जे घडून गेले त्यानंतर आणि सध्याच्या परिस्थितीत सार्वजनिक कामात भाग घेणे मला शक्य नाही. त्या नकारात ना शिवीगाळ होती ना घोषणा. पण पत्राच्या नकला हातोहात फिरल्या आणि देशाला आपला मार्ग कळला.

त्या मार्गाला पुढे 'निःशस्त्र प्रतिकार' हे नाव मिळाले. लोक बादशाही नोकरी नाकारू लागले. कर आपणहून भरायचा नाही, शिपाई दारात आला म्हणजे त्याला हवे ते नेऊ द्यायचे. अधिकाऱ्याचे जर्मन समजले तरी समजले नाही असे दाखवायचे. राष्ट्रीय पोशाख घालायचा. यातले सगळे देआकने आखून दिले होते असे नाही, आणि सगळेच लोक असे वागले असेही नाही. पण आपण काय करावे असा प्रश्न पडला, की लोक देआक काय करतो ते पाहत.

आणि देआक काय करत होता? १८५४ मध्ये त्याने केहिदाची जमीन सेचेनी कुटुंबाला विकली आणि पेश्त शहरात डॅन्यूबकाठच्या 'इंग्लंडची राणी' नावाच्या हॉटेलात बिऱ्हाड केले. तिथे तो जवळजवळ वीस वर्षे राहिला. वाचन, नियमाने फिरायला जाणे, लाकडावर कोरीवकाम आणि संध्याकाळी मित्रांशी गप्पा. मूळचाच गोष्टी सांगण्यात पटाईत, त्यामुळे पोलिसांना नोंदवून घ्यायला फारसे काही सापडत नसे. राजकीय भाषणाला बंदी होती, गोष्टीला नव्हती.

या काळातला एक प्रसंग मला कोणत्याही भाषणापेक्षा मोठा वाटतो. १८५५ मध्ये हंगेरीचा राष्ट्रीय कवी मिहाय व्योर्योशमार्ती गरिबीत वारला. मागे विधवा आणि लहान मुले. देआक त्या मुलांचा पालक झाला. त्याने ओळखीच्या सधन लोकांना पत्रे लिहिली आणि मुलांसाठी मोठा निधी उभा केला. कवीची मुलगी इलोना त्याच्या डोळ्यांदेखत वाढली. पुढे तिचे लग्न काल्मान सेल या तरुणाशी झाले. हा सेल नंतर हंगेरीचा पंतप्रधान झाला. म्हातारपणी देआक उन्हाळ्यात त्यांच्याच गावी जाऊन राही. स्वतःचा संसार नसलेल्या माणसाला असे लेकीचे घर मिळाले. नुसते स्वस्थ बसणे आणि निःशस्त्र प्रतिकार यांत फरक काय, असे कुणी विचारले तर मी याकडे बोट दाखवीन. सरकारशी असहकार करायचा, पण आपल्या माणसांशी सहकार थांबू द्यायचा नाही.

चुकीचे लागलेले बटण

१८५९ मध्ये सोल्फेरिनोच्या लढाईत ऑस्ट्रिया हरली. तिजोरी रिकामी झाली आणि बादशहा फ्रान्झ योझेफला हंगेरीची आठवण झाली. १८६१ मध्ये विधिसभा बोलावली गेली. तिथे दोन गट पडले. एक म्हणे, बादशहाचा अधिकारच मान्य नाही, तेव्हा सभागृहाने नुसता ठराव करावा. देआक म्हणे, बादशहाला रीतसर निवेदन द्यावे, पण त्यात १८४८ च्या कायद्यांतला एक शब्दही सोडू नये. त्याचा पक्ष १५५ विरुद्ध १५२ अशा निसटत्या मतांनी जिंकला. गंमत अशी, की निवेदन मंजूर व्हावे म्हणून विरोधी गटातले काही जण मुद्दाम मतदानापासून दूर राहिले. देआकने लिहिलेले निवेदन व्हिएन्नाने फेटाळले. त्याने दुसरे लिहिले. त्याच्या शेवटी जो विचार आहे तो हंगेरीत अजून शिकवला जातो. बळाने हिरावून घेतलेले कधीतरी काळ आणि दैव परत मिळवून देईल, पण दुःखाच्या भीतीने राष्ट्राने स्वतः सोडून दिलेले परत मिळण्याचा भरवसा नसतो, असा त्याचा आशय. सभागृह बरखास्त झाले. आम्ही थांबू शकतो, असे श्मेर्लिंग म्हणाला. देआक काही न बोलता हॉटेलात परतला. थांबता त्यालाही येत होते.

एव्हाना तुमच्या लक्षात आले असेल, की या माणसाचे सगळे म्हणणे एका ओळीत सांगता येते : आधी कायदा पूर्ववत करा, मग त्यात हवी ती दुरुस्ती आपण बोलून करू. घडले ते घडले, आता पुढे बघा, असे व्हिएन्नाचे सल्लागार म्हणत. त्यावर देआकची एक गोष्ट सांगतात. अंगरख्याचे पहिले बटण चुकीच्या काजात गेले तर पुढची सगळी चुकतात. मग काय करायचे? सगळी बटणे काढून पुन्हा पहिल्यापासून लावायची, दुसरा उपाय नाही. पंडितांनी घटनाशास्त्रावर ग्रंथ लिहिले आणि त्यांना देआकनेही सविस्तर लेखी उत्तर दिले, पण लोकांच्या लक्षात राहिले ते बटण.

लढाईआधी जे, तेच लढाईनंतर

१६ एप्रिल १८६५ ला, ईस्टरच्या दिवशी, 'पेश्ती नाप्लो' या वृत्तपत्रात एक निनावी लेख आला. साम्राज्याची सुरक्षितता आणि हंगेरीची घटना या दोन्ही गोष्टी एकत्र नांदू शकतात, असा त्याचा सूर होता. लेखक कोण, हे कुणाला सांगावे लागले नाही. दार किलकिले झाले. त्या वर्षाअखेर विधिसभा पुन्हा भरली आणि बोलणी सुरू झाली. तेवढ्यात ३ जुलै १८६६ ला क्योनिगग्रेट्स येथे प्रशियाने ऑस्ट्रियाचा धुव्वा उडवला.

भाव वाढवण्याची याहून चांगली वेळ कोणती? समोरचा गुडघ्यावर आलेला, तिजोरी रिकामी, सैन्य उधळलेले. बादशहाने देआकला बोलावून विचारले, हंगेरीला काय हवे? देआकचे उत्तर होते, की लढाईआधी मागत होतो तेवढेच, त्याहून जास्त काही नाही.

या उत्तरापाशी मी नेहमी थांबतो. १८६१ मध्ये तो दुबळा होता, तेव्हा त्याने मागणी कमी केली नाही. १८६६ मध्ये समोरचा दुबळा झाला, तेव्हा त्याने ती वाढवली नाही. कारण ती मागणी बाजारातली नव्हतीच, ती सनदेतली होती. हक्काची किंमत समोरच्याच्या ताकदीप्रमाणे बदलू लागली, की तो हक्क राहत नाही, सौदा होतो.

१८६७ मध्ये समझोता झाला. हंगेरीला स्वतःची संसद, स्वतःचे मंत्रिमंडळ. परराष्ट्र व्यवहार, लष्कर आणि त्यांचा खर्च एवढे दोन्ही देशांचे सामाईक. खर्चाचा ७० टक्के वाटा ऑस्ट्रियाचा, ३० टक्के हंगेरीचा, आणि दर १० वर्षांनी हिशेब पुन्हा मांडायचा. ज्युला आंद्राशी पंतप्रधान झाला. ८ जूनला राज्याभिषेक झाला. पंतप्रधानपद देआकने घेतले नाही. राजाच्या मस्तकावर मुकुट ठेवण्याचा मान घेतला नाही. पदवी, पैसा, जमीन काहीही घेतले नाही. राज्याभिषेकानंतरही त्याचा पत्ता तोच, हॉटेलातल्या खोल्या.

कोशूतचे पत्र आणि अशील कोण हा प्रश्न

आता दुसरी बाजू. मे १८६७ मध्ये परदेशातून कोशूतने देआकला जाहीर पत्र लिहिले. या समझोत्याने हंगेरी आपले भवितव्य दुसऱ्याच्या हाती देत आहे, उद्या ऑस्ट्रियाची भांडणे आपली होतील आणि त्यांत आपण बुडू, असा त्याचा इशारा होता. १९१४ मध्ये हंगेरी ऑस्ट्रियाबरोबर महायुद्धात ओढली गेली. १९१८ मध्ये साम्राज्य कोसळले आणि १९२० च्या त्रियानोनच्या तहात हंगेरीने दोन तृतीयांश भूमी गमावली. कोशूतचे भाकीत खोटे ठरले, असे कोण म्हणेल?

पण १८६७ मधल्या माणसाने काय करायला हवे होते? आणखी ४०-५० वर्षे जर्मन बोलता येत नसल्याचे सोंग? शाळा, रेल्वे, न्यायालये, शेती हे सगळे त्या पन्नास वर्षांत उभे राहिले. बुडापेस्ट हे शहरच समझोत्यानंतर, १८७३ मध्ये, तीन गावे जोडून तयार झाले. देआकने शाश्वत तोडगा काढल्याचा दावा केला नव्हता. त्या वेळी मिळू शकणारा चांगल्यातला चांगला करार त्याने आपल्या अशिलाला मिळवून दिला.

माझी खरी तक्रार वेगळी आहे. अशील कोण? त्या हंगेरीत मग्यार, म्हणजे हंगेरियन भाषा बोलणारे, निम्म्याहून कमीच होते. बाकीचे रुमानियन, स्लोव्हाक, सर्ब, क्रोएट, जर्मन. समझोत्याच्या टेबलावर त्यांची खुर्ची नव्हती. जो न्याय हंगेरीने व्हिएन्नाकडे मागितला, तो हंगेरी आपल्या घरात देणार होती का?

देआकला हा प्रश्न दिसत होता, हे त्याच्या बाजूने सांगितले पाहिजे. क्रोएशियाला अटी लिहिण्यासाठी कोरा कागद द्यायची भाषा त्याने केली होती. त्याच्या आणि शिक्षणमंत्री योझेफ ओत्वोशच्या प्रयत्नांतून १८६८ मध्ये अल्पभाषकांच्या हक्कांचा कायदा झाला. शाळेत आणि खालच्या न्यायालयात आपापली भाषा वापरण्याचा हक्क त्यात होता आणि त्या काळाच्या मानाने तो उदार होता. १८७२ मध्ये नोव्हिसाद येथील सर्ब विद्यालयाच्या अनुदानाचा प्रश्न आला, तेव्हा आजारी देआक त्यांच्या बाजूने उभा राहून बोलला. परभाषकांना आपलेसे करायचे तर त्यांना मग्यार बनवून नव्हे, त्यांना आपली परिस्थिती आवडेल असे वागून करा, हे त्याचे सांगणे होते. पण त्याच १८६८ च्या कायद्यात देशात राष्ट्र एकच, मग्यार, हेही लिहिले होते. क्रोएशियाच्या कराराच्या मूळ प्रतीवर फियूमे बंदराच्या कलमापाशी नंतर कागदाची एक पट्टी चिकटवून मजकूर बदलला गेला. कोऱ्या कागदाचा शेवट चिकटपट्टीत झाला! १८७४-७५ मध्ये स्लोव्हाकांची तीन विद्यालये आणि 'मातित्सा स्लोव्हेन्स्का' ही त्यांची सांस्कृतिक संस्था सरकारने बंद केली. तेव्हा देआक जिवंत होता, पण त्याचे दिवस संपले होते. अंगरख्याचे बटण पुन्हा एकदा चुकीच्या काजात गेले आणि या वेळी ते काढून दाखवणारा वकील उरला नाही.

आपल्यापाशी काय आले

देआक आपल्याकडे पोचला तो वळसा घेऊन. आयर्लंडच्या आर्थर ग्रिफिथने १९०४ मध्ये हंगेरीचा धडा आयरिश लोकांपुढे मांडणारे पुस्तक लिहिले. १९०७ मध्ये गांधीजींनी दक्षिण आफ्रिकेतल्या 'इंडियन ओपिनियन'मध्ये हंगेरीच्या निःशस्त्र प्रतिकाराचे उदाहरण वाचकांना सांगितले. तेव्हा तिथल्या हिंदी लोकांचा परवान्यांविरुद्धचा लढा नुकता सुरू झाला होता. योगायोग पाहा, त्याच १९०७ मध्ये सावरकरांचे 'मॅझिनी' मराठीत आले आणि वर्षाअखेर सुरतेला जहाल-मवाळ फुटले. मॅझिनी मराठी घरांत शिरला, देआक बाहेरच राहिला. राहिला असता तरी आपण त्याला कोणत्या बाकावर बसवले असते? बहिष्कार आणि असहकार पाहून जहालांच्या, की कायद्याची कलमे पाहून मवाळांच्या? मला वाटते, आपली ती वाटणीच त्याला समजली नसती. त्याच्या लेखी कायद्यावर बोट ठेवणे आणि मान न वाकवणे ही एकच गोष्ट होती.

१८३३ ते १८७६. देआकचे सार्वजनिक आयुष्य ४३ वर्षांचे, त्यातला मोठा भाग सभागृहाबाहेर काढलेला. लोकप्रतिनिधीची कारकीर्द आपण निवडणुका आणि खाती यांनी मोजतो. याने काय काय नाकारले यावरून त्याची मोजावी लागते. २८ जानेवारी १८७६ च्या रात्री तो गेला. एलिझाबेथ राणी त्याच्या पार्थिवाजवळ पुष्पचक्र घेऊन आली, तो प्रसंग पुढे चित्रातही आला. त्याची स्मृती नोंदवणारा कायदाच संसदेने त्या वर्षी केला. कायद्याच्या माणसाला याहून योग्य स्मारक कुठले? आज बुडापेस्टच्या तीन भुयारी रेल्वेमार्ग जिथे एकत्र येतात त्या चौकाला त्याचे नाव आहे आणि वीस हजार फोरिंटच्या नोटेवर त्याचे चित्र आहे. बादशहाकडून एक नाणेही न घेतलेल्या माणसाचे चित्र नोटेवर, हा इतिहासाचा विनोद त्यालाही आवडला असता. त्यावर त्याने एखादी गोष्टही सांगितली असती.

मत देताना, किंवा कुणाला आपल्या वतीने बोलायला पाठवताना, आपण उमेदवाराला विचारतो, की तू काय आणशील? रस्ता, पाणी, अनुदान. हे विचारायलाच हवे. पण त्याबरोबर घरच्या गप्पांत तरी आणखी दोन प्रश्न असावेत. याने आजवर काय नाकारले? आणि ज्यांनी याला वकीलपत्र दिले नाही, त्यांच्या बाजूने हा कधी उभा राहिला का? पहिल्या प्रश्नात देआक पूर्ण गुणांनी उत्तीर्ण आहे. दुसऱ्यात त्याने पेपर लिहायला घेतला, पण तो त्याच्या हातून पुरा झाला नाही. उरलेला पेपर त्याच्या देशाने कोरा सोडला आणि त्याची किंमत मोजली.